सायीतल्या लेपी

फ्रेंच संस्कृतीचा आमच्या घराण्यावर खोल आणि कायमचा परिणाम झालेला आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगते. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न, तिची मुलं, मुलांची मुलं, मुलुंडचा त्यांचा फ्लॅट आणि त्या फ्लॅटमधली सगळी भांडणं, हे सारं फ्रान्सचं देणं आहे. हा परिणाम विक्रोळीला, कंपनीच्या वसाहतीतल्या आमच्या दोन खोल्यांबाहेरच्या गॅलरीत, वातीच्या स्टोव्हवर, एका रविवारी सकाळी झाला. आणि तो घडवून आणण्यात मुख्य हात लेपींचा होता. लेपी म्हणजे चपलेच्या तळव्यासारखा चपटा मासा. त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात, त्यामुळे तो जन्मभर कुणाकडे तरी संशयाने बघत असल्यासारखा दिसतो. आमच्याकडे पाहुण्यांना लेपी वाढायची पद्धत नव्हती. पाहुण्यांना सुरमई, घरच्यांना बांगडा, आणि महिनाअखेरीला जे मिळेल ते. लेपी त्या शेवटच्या वर्गातली.

घर बाबांना कंपनीने दिलेलं होतं. बाबा फिटर होते. बोलणं कमी आणि हत्यारं जास्त. आई मालवणकडची, आणि मुंबईत इतकी वर्षं काढूनही तिची भाषा एस.टी.तून उतरली त्या दिवशी होती तशीच राहिलेली. थोरली नंदाताई साकीनाक्याच्या एका औषधांच्या कारखान्यात टायपिस्ट होती. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि भेळेच्या कागदापासून पुढे सगळं वाचायचे, त्यामुळे घरात माझी गणना विदुषींमध्ये आणि निरुपयोगी माणसांमध्ये एकाच वेळी होई. रविवारी कारखान्याचा भोंगा वाजत नसे. मग सगळी वसाहत उशिरापर्यंत अर्धवट झोपेत कूस बदलत राही, आणि जाग यायची ती भोंग्याने नव्हे तर पाट्यावरच्या वरवंट्याच्या घरघरीने. आईचं वाटण सुरू झालं की समजायचं, रविवार उजाडला. ओहोटी असली तर खाडीचा वास यायचा. आई म्हणायची, गावचो वास तो. बाबा म्हणायचे, गावचा वास वेगळा, हा केमिकलचा.

ताईचं अविनाशशी जमलेलं होतं. अविनाश तिच्याच कारखान्यात केमिस्ट. उंच, सावळा, सज्जन, आणि वडिलांसमोर उभा राहिला की त्याची उंची निम्मी व्हायची. या वडिलांना सगळं घाटकोपर भाऊसाहेब म्हणत असे. म्हणजे त्यांनी सगळ्या घाटकोपरला तसं म्हणायला लावलं होतं. एका जहाज कंपनीच्या कचेरीतून ते निवृत्त झाले होते आणि तरुणपणी एकदा मालाच्या जहाजावरून कारकून म्हणून फ्रान्सला जाऊन आले होते. त्या सफरीतून ते अजून परतायचे होते. मार्सेलिस असं कुणी म्हटलं की ते शेवटची अक्षरं गिळून 'मार्सेय' असं दुरुस्त करायचे, आणि तेवढ्यासाठी समोरच्याने मार्सेलिस म्हणावं म्हणून गप्पांचा रोख तिकडे वळवायचे. मूळचे तेही आमच्याच बाजूचे, पण मालवणी शब्द त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकला नव्हता. ताईच्या लग्नाबद्दल त्यांचं म्हणणं गेले कित्येक महिने एकच होतं: "जरा बघू." अविनाश वडिलांच्या होकाराशिवाय पाऊल उचलणार नव्हता, आणि ताईला दुसरं कुणी नको होतं. एका माणसाच्या 'जरा बघू'वर दोघांचं आयुष्य असं खुंटीला टांगलेलं होतं.

ते पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा आईने सुरमईचं सार केलं होतं, तळलेली तुकडी केली होती, सोलकढी केली होती. भाऊसाहेबांनी तुकडी पुन्हा पुन्हा मागून घेतली, साराची वाटी बोटाने पुसून चाटली, आणि मग रुमालाने ओठ टिपत म्हणाले, "उत्तम. पण वहिनी, राग मानू नका, मसाल्यात माशाचा आत्मा हरवतो. आम्ही मार्सेयला होतो तेव्हा..."

त्यांची बायको, जिला सगळे माई म्हणत, ती पंख्याकडे बघू लागली.

"...तिथे मासा पांढऱ्या वाइनमध्ये शिजवतात. वर पांढराशुभ्र सॉस, आणि त्या सॉसमध्ये द्राक्षं. सोल व्हेरोनिक! आठवड्यातून दोनदा तरी खायचोच आम्ही. ते खाल्लं की कळतं, आपण जन्मभर नुसतं तिखट खात आलो."

"गोड लागत असेल," बाबा म्हणाले.

"गोड नव्हे. सुसंस्कृत."

बाबांनी सुपारी पुढे केली आणि लग्नाचा विषय काढला. भाऊसाहेब म्हणाले, "जरा बघू. मुलगी गुणी आहे तुमची, वादच नाही. पण घराघराची एक पातळी असते. राहणी असते. हे बघावं लागतं."

ताई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "काका, पुढच्या रविवारी पुन्हा याल? मी करते ते."

"काय करतेस?"

"तुमचं सोल व्हेरोनिक."

अविनाशला सुपारीचा ठसका लागला. भाऊसाहेब लहान मुलाकडे बघून हसावं तसे हसले. "बाळ, ते म्हणजे पोहे नव्हेत."

"ते बरं आहे. पोहे मला जमत नाहीत. पण आवडलं तर तिथल्या तिथे हो म्हणायचं. आमच्या घराची पातळी काढायची नाही. चालेल?"

"चालेल," माई म्हणाली. पंख्यावरची नजर तिने काढली सुद्धा नव्हती.

खाली निघताना जिन्यात अविनाश ताईला दबल्या आवाजात म्हणाला, "नंदा, वेड लागलंय का तुला? तुला चहा नीट येत नाही!" ताई म्हणाली, "तू तुझ्या वडिलांसमोर एकदा तरी तोंड उघडलंस का? मग आता गप बस ना यार." हे मी जिन्याच्या वरच्या पायरीवरून ऐकलं. त्या वयात मी बहुतेक गोष्टी जिन्याच्या वरच्या पायरीवरूनच ऐकत असे आणि शिक्षणाची ती पद्धत मला आजही वाईट वाटत नाही.

कृती शोधण्याचं काम माझ्याकडे आलं. वसाहतीच्या वाचनालयात खालच्या फळीवर एक जाडजूड इंग्रजी पाककलेचं पुस्तक होतं, बहुधा कुणा साहेबाच्या बायकोने जाताना टाकून दिलेलं. त्यातलं पान काढून मी स्वयंपाकघरात उभी राहून मराठीत वाचू लागले, आणि आई कोथिंबीर निवडत ऐकू लागली. सोल म्हणजे आपली लेपीच, हे चित्रावरून कळलं. आई खूश झाली. एवढ्या मोठ्या देशात लेपी खातात हे ऐकून तिला फ्रान्सबद्दल थोडी कणव वाटली असावी. लेपीची कातडी सोलून काढायची. काटा काढून पट्ट्या करायच्या. इथपर्यंत ठीक होतं. द्राक्षं घ्यायची आणि एकेका द्राक्षाचं साल काढायचं.

"द्राक्षां सोलूची?" आई थांबली. "फ्रान्सातल्या बायकांका दुसरी कामां नाय काय?"

मग वाइन. आईने डोळे मिटले, पण ताईने समजावलं की ती उकळून जाते, औषधासारखी. आणि मग मी पुढची ओळ वाचली, आणि वाचता वाचता मलाच कळलं की इथे काहीतरी फुटणार आहे. शेवटी साय घालायची.

"कसली साय?"

"दुधाची."

कोथिंबिरीची जुडी खाली पडली. "दूध नि मासो एका टोपात? तुमका याड लागलां काय गो? कोड फुटतलां, कोड!"

आजच्या मुलांना हे सांगावं लागतं, म्हणून सांगते. मासे खाऊन दूध प्यायलं तर अंगावर पांढरे डाग उठतात, हे आमच्याकडे सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं होतं. मासे खाल्ले की पुढचा चहासुद्धा घड्याळाकडे बघून. यात तथ्य नाही हे आता कुठलाही डॉक्टर सांगेल, आणि कोड हा काही कुणाचा गुन्हा नव्हे हेही सांगेल. पण तेव्हा एखाद्या घरात कोड आहे अशी कुजबुज सुटली तरी त्या घरातली लग्नं मोडायची. खाण्याबद्दलची भीती नव्हतीच ती, सोयरिकीबद्दलची होती. माझा यावर विश्वास नव्हता आणि माझ्याकडे पुरावाही होता. शाळेत आमच्या भूगोलाच्या बाईंना कोड होतं. फळ्यावर हाताने अख्खा आशिया काढणाऱ्या, देखण्या, तल्लख बाई; आणि त्या जन्मात कधी मासाच काय, अंडंसुद्धा खाल्लेल्या नव्हत्या. हा पुरावा मी आईपुढे ठेवला. आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मागच्या जन्मी खाल्ल्यानी असतले."

वाद संध्याकाळपर्यंत चालला. नारळाचा रस घाल, कोण बघतंय, असं आईचं म्हणणं. ताई हटून बसली. पुस्तकात साय आहे तर सायच. उद्या त्यांनी म्हणायला नको की ही नक्कल होती. तोडगा शेवटी बाबांनी काढला. ते म्हणाले, "भाऊसाहेब तिकडे आठवड्यातून दोनदा खायचे. त्यांना काही झालं का? म्हणजे त्यांना चालतं. त्यांच्यापुरतं करा." आईला हे पटलं. ज्याला मार्सेलिसच्या सायीने काही झालं नाही त्याला विक्रोळीच्या सायीने काय होणार? तिने फक्त अटी घातल्या. पदार्थ तिच्या चुलीवर शिजणार नाही, गॅलरीत शिजेल. भांडं वेगळं, नंतर घरात परत यायचं नाही. ताईने, जिचं लग्न व्हायचंय, तिने तो जिभेलाही लावायचा नाही. वाइन ताईच्या मैत्रिणीने मरोळच्या आपल्या आत्याकडून आणून दिली, नाताळसाठी घरी केलेली, मनुकांची, मधाच्या रंगाची. तिची बाटली कुठे ठेवायची यावर आई म्हणाली, "मोरीत ठेव. थंय देवाची नजर जाणा नाय." अशा रीतीने फ्रान्सची ती सुप्रसिद्ध पाककृती आमच्याकडे निम्मी गॅलरीत आणि निम्मी मोरीत सिद्ध झाली.

रविवारी सकाळी बाबा बाजारातून लेपी घेऊन आले. कातडी कशी निघणार हा प्रश्न होता. पुस्तकात शेपटीकडून ओढा म्हटलं होतं, पण बोटं घसरत होती. बाबांनी पाच मिनिटं बघितलं, आत जाऊन आपली पक्कड आणली, ती उकळत्या पाण्यात धुतली आणि एका झटक्यात लेपीचा अंगरखा उतरवला. मग त्यांना त्यात रस आला आणि त्यांनी सगळ्या लेपी सोलल्या. ताईला जवळ येऊ देईनात. मी द्राक्षं सोलत होते. नाशिकची, बिनबियांची, हिरवी. सोललेलं द्राक्ष ओलं, गुळगुळीत आणि काहीसं लाजिरवाणं दिसतं. ताई स्टोव्हपाशी उकिडवी बसली होती आणि मी तिला एकेक ओळ वाचून दाखवत होते. मासा वाइनमध्ये उकळता कामा नये, नुसता थरथरला पाहिजे, असं पुस्तक म्हणत होतं. आई दारातून म्हणाली, "मासो थरथरता काय तू थरथरतंस?" खरं तर ताईच थरथरत होती. त्या भांड्यात तिचं लग्न शिजत होतं आणि चव बघायचीही तिला परवानगी नव्हती.

मासा काढून उरलेलं पाणी आटवलं, लोण्यावर मैदा परतला, ते त्यात घातलं, गाळणीतून गाळलं, आणि मग आईची नजर चुकवून नव्हे तर तिच्या डोळ्यांदेखत, तुपासाठी साठवलेली साय फेटून ताईने त्यात ओतली. आई आत गेली आणि तिने देवापुढे आणखी एक उदबत्ती लावली. चव कुणीतरी बघायलाच हवी होती. मी चमचा चाटला. आधी आंबूस, मग मऊ, मग लोण्याची चव आणि मागून कुठून तरी मरोळची मनुका. आमच्या घरात इतकं सौम्य काही कधी शिजलंच नव्हतं. "मीठ हवं," मी म्हणाले, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं. माझी कातडी आजतागायत जागच्या जागी आहे.

परवा पवईच्या एका हॉटेलात ताईच्या नातीने मला हाच पदार्थ खिलवला. मोठ्या पांढऱ्या ताटात मध्यभागी चिमूटभर मासा, वर मोजून द्राक्षं, आणि वाढणाऱ्या तरुणाने माशाची जीवनकहाणी सांगितली. नातीने आधी फोटो काढले, मग आम्ही जेवलो. वाईट नव्हता. पण सौम्यपणा जपायला सगळं हॉटेल इतकं झटत होतं की भूक मेली. आमच्या गॅलरीत कावळे होते, रॉकेलचा वास होता, आणि ताई स्टोव्हला शिव्या देत होती. त्यामुळे सॉसला आपली नाजूक बाजू दाखवायला वाव मिळाला.

तर, पाहुणे आले. आम्हां सगळ्यांच्या ताटात आईचं बांगड्याचं तिखलं होतं, आणि भाऊसाहेबांपुढे काचेच्या ताटलीत ते. पांढरं, चकचकीत, द्राक्षं वर तरंगत असलेलं. त्यांनी ताटली किंचित फिरवली, नाक जवळ नेलं, पहिला घास घेतला आणि डोळे मिटून बराच वेळ मिटलेलेच ठेवले. "मार्सेय," ते शेवटी म्हणाले. ताईने माझ्या दंडाला इतक्या जोरात चिमटा काढला की मला ओरडायचं होतं. मग ते भराभर जेवू लागले. मला वाटतं त्यांना तो मनापासून आवडला होता. निदान त्या क्षणी त्या घरात ढोंग काहीच चाललं नव्हतं. अर्धी ताटली संपल्यावर ते ताईकडे वळून मोठ्या मनाने म्हणाले, "नारळाचा रस छान पातळ काढलास हो. तिकडचं अर्थात वेगळं असतं, पण तुझी युक्ती चांगली आहे."

"नारळ नाही काका," ताई म्हणाली. "साय आहे. दुधाची. पुस्तकात तसंच होतं, म्हणून काही बदललं नाही."

चमचा हवेत थांबला.

"साय?"

"हो."

"दूध घातलंस? माशात?" भाऊसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज कुठून तरी खोलवरून, थेट गावाकडून आला. "मेलंय मी!"

तिखल्याची कढई हातात घेऊन आई वळली. त्या माणसाच्या तोंडून ती भाषा ऐकून ती आधी सुखावली, मग तिला त्या शब्दाचा अर्थ कळला. "कित्या?" तिने हळूच विचारलं. "तुमी पैलां खाल्लां नाय काय?"

खालून कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. अविनाश बापाकडे बघत होता, मी ज्या नजरेने पुस्तकाचं शेवटचं पान बघते त्या नजरेने. मग माई सावकाश म्हणाली, "खाल्लंय की. आठवड्यातून दोनदा. हेच सांगतात. खा हो, तुम्हांला सवय आहे."

आता त्यांच्यापुढे दोनच रस्ते होते. खाल्लं नाही म्हणावं, तर मार्सेय गेलं. खावं, तर कातडी गेली. मी पुष्कळ शूर माणसांबद्दल वाचलं आहे, पण डोळ्यांसमोर शौर्य पाहिलं ते एवढंच. भाऊसाहेब ताठ बसले. "अर्थात," ते म्हणाले, "अर्थात सायच असते." आणि एरंडेल घ्यावं तसे एकेक घास करत त्यांनी ती ताटली संपवली. शेवटचं द्राक्षसुद्धा ठेवलं नाही.

"मग काका?" ताईने विचारलं. "आवडलं?"

"उत्तम. कळवतो." आवाज इतका बारीक की त्यांच्या बायकोनेही वळून पाहिलं. चहा विचारला तर काळा मागितला. आईला सगळं समजलं होतं. त्या खोलीत त्या दोघांचाच धर्म एक होता. बाकी आम्ही सगळे पाखंडी. तिने लगबगीने, उतारा म्हणून, कोकमाचा आगळ पाण्यात कालवून त्यांच्यापुढे धरला, त्यांनी तो उभ्या उभ्या घटाघटा प्यायला, आणि निघताना तिने आमसुलांची पुडी त्यांच्या खिशात घातली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

त्यानंतर घाटकोपरहून काहीच कळेना. एक आठवडा गेला, दुसरा गेला. ताई कारखान्यातून यायची, चप्पल भिरकवायची आणि म्हणायची, "वाट लागली." अविनाश सांगायचा की भाऊसाहेब घरात फारसं बोलत नाहीत, न्हाणीघराचा दिवा मोठा बसवून घेतलाय, आणि आरसा घेऊन खिडकीशी बसतात. ताईला वाटलं, त्यांना अपमान लागला. आपण एका पैजेपायी घर बसण्याआधीच मोडलं. ती रडली नाही, तिचा स्वभाव नव्हता, पण तिने मला एकदा विचारलं, "नारळाचा रसच घालायला हवा होता का गं?" आणि तिच्यासारख्या मुलीच्या तोंडी हे रडण्यापेक्षा वाईट होतं.

मग एका संध्याकाळी, होळी उलटून ऊन चांगलं तापलेलं असताना, भाऊसाहेब आणि माई काही न कळवता दारात उभे राहिले. भाऊसाहेबांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, मनगटाची बटणं लावलेली, गळ्याचं बटण लावलेलं, वरून मफलर. घामाने ते निथळत होते. बसायच्या आधीच म्हणाले, "आमचा होकार आहे. जवळचा मुहूर्त धरा."

बाबा गोंधळले. "म्हणजे... पुढच्या मोसमात..."

"पुढचा मोसम कशाला? वैशाखात. पहिलाच. हॉल तुमच्या वसाहतीचा चालेल. मानपान नको, बँड नको, आमच्याकडची माणसं थोडीच येतील." ज्या माणसाने एका होकारासाठी इतके महिने लावले तो आता पंचांग घेऊन आला होता.

बाबांच्या कपाळावर आठी पडली. ते फिटर होते. यंत्र एकदम नीट चालायला लागलं की त्यांना जास्त काळजी वाटे. ते मला आत बोलावून कुजबुजले, "एवढी घाई? मुलात काही खोट तर नाही ना? तू त्याला ओळखतेस, खरं सांग." मी म्हणाले, मुलगा शंभर टक्के ठीक आहे, फक्त बापाला घाबरतो. बाबा म्हणाले, "मग बाप कुणाला घाबरलाय?"

ते तेवढ्यात कळलं. आईने पोह्यांची बशी पुढे केली, भाऊसाहेब ती घ्यायला वाकले, मफलर सरकला, आणि कानामागून मानेवर उतरलेला एक फिकट, पांढुरका डाग आईला दिसला. मलाही दिसला. आईला दिसल्याचं त्यांना दिसलं. त्यांनी बशी न घेता मफलर घट्ट केला, आणि इतका मोठा माणूस एकदम शाळकरी पोरासारखा दिसू लागला.

त्या क्षणी ताईचं लग्न आईच्या हातात होतं. वसाहतीच्या कायद्याने तिला सगळा अधिकार होता. 'जरा बघू' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ते शब्द त्यांचेच होते. म्हणून तर भाऊसाहेबांची घाई. डाग पसरला, मुलीकडच्यांनी पाहिला, तर हे स्थळ गेलं, आणि मग त्या घरात मुलगी देणार कोण? संस्कृती, राहणी, पातळी, सगळं त्या मफलरखाली लपवून तो माणूस मुलाचं लग्न उरकायला धावत आला होता. मी आईकडे बघत होते. ताई मोरीच्या दाराआड उभी होती आणि तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

आई खाली बसली. पदराने कपाळ पुसलं. मग म्हणाली, "आमका पसंत असा. उद्याच भटजीक बोलावतंय." आणि भाऊसाहेबांना, अगदी हळू, "आमसुलां संपली काय? आणखी देतंय."

रात्रीचं जेवण झाल्यावर मी तिला विचारलं, तुला भीती नाही वाटली? ती भांडी विसळत म्हणाली, "माझ्या उंबऱ्यात खाल्ल्यान ना ता. माझ्या घरात त्या माणसाक कोड झालां, आणि आमी पोर द्यायची नाय? ह्यां खंयचा माणूसपण?" तिची श्रद्धा खोटी होती, निष्कर्ष चुकीचा होता, आणि त्यातून निघालेलं वागणं मी वाचलेल्या बऱ्याचशा तत्त्वज्ञांपेक्षा सरस होतं. याची संगती मला अजून लावता आलेली नाही.

लग्न वैशाखात झालं. वसाहतीच्या पत्र्याच्या हॉलमध्ये, भर दुपारी, पंखे गरम हवा ढवळत असताना, वरपिता बंद गळ्याच्या कोटात उभा होता. सगळे म्हणाले, काय रुबाब आहे! ताई आजही सांगते की तिने सासऱ्याचं मन सॉसने जिंकलं, आणि तसं पाहिलं तर ते खोटं नाही. माईने लग्नानंतर सावकाश, एकेक करून, बाकीच्या गोष्टी आम्हांला पुरवल्या. मार्सेयच्या बंदरात जहाज थांबलं तेव्हा भाऊसाहेब बोट लागून आडवे झालेले होते. जहाजाचा रत्नागिरीकडचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, त्यांना मऊ भाताची आटवल देत होता. सोल व्हेरोनिक त्यांनी कप्तानाच्या जेवणाच्या पाटीवर लिहिलेलं वाचलं होतं. हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, पण संसारात एक फ्रान्स असू द्यावा असं तिचं मत होतं.

मांडव उतरल्यावर मात्र माई त्यांना घाटकोपरच्या एका कातडीच्या डॉक्टरकडे ओढत घेऊन गेली. डॉक्टरांनी मान वळवून पाहिलं, नखाने जरा खरवडलं, आणि कोड नव्हे, घामाचं शिबं आहे म्हणाले, उन्हाळ्यात निम्म्या मुंबईला होतं तसं. एक मलम लिहून दिलं, आणि घामात पूर्ण बाह्यांचे शर्ट घालू नका म्हणून सांगितलं.